शेपटी

नव्या खोडरबराचा वास आला की इंग्रजांच्या काळातली, बेळगावच्या कॉलेजातली एक दुपार आठवते. अनगोळच्या तळ्यातल्या पाण्याचा थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. त्यात अमीबासारखा आकार बदलत सरकणारा एक जीव होता, पण त्याला चाबकासारखी हलणारी बारीक शेपटीही होती. मी वहीत दिसलं तसं काढलं. सर म्हणाले, "अमीबाला शेपटी नसते. शेपटीवाल्यांचं कूळ वेगळं," आणि खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. वर्गात मुलगी मी एकटीच; सगळे माझ्या हाताकडे बघत होते. "आधी बघा सर, मग सांगा," मी म्हणाले. ते वाकले नाहीत. काचा धुणारे म्हातारे शिपाई मात्र ओले हात धोतराला पुसून पुढे आले आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. "शेपूट हाय की वो, सर. पोरीनं खोटं न्हाय काढल्यालं." सरांनी चित्रावर लाल शाईची फुली मारली. मी खोडरबराला हात लावला नाही. दोन्ही कुळांची लक्षणं असलेले असे जीव असतात, त्यांच्यावरूनच त्या कुळांचं नातं शोधतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. वही अजून माझ्याकडे आहे. फुली फिकट झालीय, शेपटी नाही.