पेटीवालीने धरलेला सूर

पडद्यावरच्या माणसांना तेव्हा आवाज नव्हता. त्यांचं हसणं-रडणं एक बाई खाली बसून पेटीवर वाजवायची. सगळे तिला पेटीवालीच म्हणायचे. मागे वरच्या खोलीत तिचा नवरा मशीनचा दांडा हाताने फिरवायचा. त्याचा हात चालेल तसं चित्र चालायचं. हात थांबला, की दिव्यासमोरची फिल्म पेट घ्यायची.

माणूस मोठा गुणी हो, पण बाटलीने त्याच्या गुणांवर पाणी फिरवलं. दुपारच्या खेळालासुद्धा पिऊन यायचा. हात जड झाला की पडद्यावरची नायिका पाण्यातून चालल्यासारखी चालायची. मग पेटीवालीही सूर लांबवायची. लोकांना वाटायचं, दुःखाचा प्रसंग आहे, असाच असणार. रुमाल काढून रडायचे बिचारे! मधेच फिल्म जळाली, तर तो जळका तुकडा कापून जोड द्यायचा आणि तोवर ही लोकांना सुरात गुंतवून ठेवायची. मालकाला ताकास तूर लागू दिली नाही तिने. काम सुटलं तर हा माणूस हातचा जाईल, एवढीच तिला धास्ती होती.

शेवटी तिने दारावर तिकिटं फाडणाऱ्या धाकट्या भावाला गाठलं. "खेळ चालू असला की वर यांच्यापाशी बसत जा रे. बाटली दिसली की हिसकावून घे."

"ताई, तू निर्धास्त राहा. दाजींना माझ्यावर सोपव."

सोपवलं, आणि तिथेच घात झाला. त्या मेल्याचा डोळा दाजींच्या जागेवर होता. हिसकावतोय कसला, सदऱ्याखालून बाटली तोच पोचवायचा! कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय?

त्या दुपारी पडद्यावर एक बायको दारात उभी राहून नवऱ्याची वाट बघत होती. चित्र हळू झालं, थांबलं, करपलं आणि पडदा पांढराफटक पडला. जळाला असेल तुकडा, जोडतील आता, असं म्हणून पेटीवालीने सूर धरला. लोक जागेवर बसून राहिले. बाटली देऊन खाली आलेला भाऊ दारात निवांत होता. पेटी चालू म्हणजे वर सगळं ठीक, हे थिएटरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती वाजवत राहिली. वरच्या झरोक्यातून धूर खाली उतरला तेव्हा कुठे कुणीतरी ओरडलं.

लोक बाहेर पडले. नवरा आला नाही.

भाऊ पायरीवर ऊर बडवत होता. "दोन घोटांपुरतीच दिली होती गं ताई! काम जाईल एवढंच वाटलं होतं!" तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मालक हात जोडून समोर आला. "बाई, तुम्ही वाजवत राहिलात म्हणून लोक घाबरले नाहीत. चेंगराचेंगरी झाली नाही. फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले," ती म्हणाली. "मी गप्प बसले असते ना, तर कुणीतरी वर बघायला गेलं असतं हो."