ताई आणि मिलचं टेबल

फोन भाऊजींचा होता. “ऊर्मिला, तुझी ताई गेली गं. सकाळी चहा घेतला, म्हणाली जरा पडते... मग उठलीच नाही.” एवढं बोलून ते थांबले आणि पुढे काही बोलेचनात. मी इंदूरहून मिळेल त्या बसनं निघाले. उज्जैनला देवास गेटपाशी उतरून रिक्षात बसले, माधव नगर म्हणाले आणि वाटभर एकच भीती मनात राहिली. भाऊजी पुन्हा त्या वर्षांसारखे गप्प होतील का?

ती वर्षं मिल बंद पडल्यानंतरची. भाऊजी मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात होते. सुरुवातीला म्हणायचे, “होईल चालू.” मग तेही म्हणेनासे झाले. रोज सकाळी आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. काही विचारलं तर नुसतं “हं”. मी तेव्हा उज्जैनलाच शाळेत शिकवत होते, सुटल्यावर ताईकडे डोकवायचे. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “घरखर्चाचं मी बघीन गं काहीतरी. पण हा माणूस आतून बंद पडत चाललाय, त्याचं काय करू?”

घरखर्चासाठी तिनं जे शोधलं ते कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. त्या दिवसांत घरोघरी टीव्हीवर नवे चॅनेल आले आणि पाठोपाठ फोमचे सोफे आले. बापजाद्यांच्या सागवानी खुर्च्या कबाड्याकडे भंगारात जाऊ लागल्या. ताई त्या उचलून आणायची. पहिली खुर्ची तिनं भर पावसाळ्यात घासून पॉलिश केली आणि दुसऱ्या दिवशी ती भस्म फासल्यासारखी पांढरी पडली! ताई रडली नाही. खुर्ची रिक्षात घालून फ्रीगंजला इस्माइलचाचांकडे गेली. एका फर्निचरच्या दुकानामागे ते पॉलिशचं काम करत. खुर्ची उलटीसुलटी करून ते हसले. “बहनजी, बरसात में पॉलिश नहीं चढ़ाते. हवा का पानी अंदर बैठ जाता है. मौसम खुलने दो, फिर आना, सिखा दूँगा.”

दसरा झाल्यावर ताई खरंच गेली. घासायचा खरखरीत रेजमाल कागद लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच फिरवायचा, कापसाच्या पोटलीनं पॉलिशचे पातळ हात द्यायचे, एक वाळल्याशिवाय दुसऱ्याची घाई नाही... आणि लाकूड अगदीच डागाळलेलं असेल तर सरळ ऑइल पेंट, पण रंग असा की बघणाऱ्याला ती वस्तू आधीपासून तशीच होती असं वाटावं. तिची नखं तपकिरी झाली, साड्यांना स्पिरिटचा वास येऊ लागला. एका हळदीकुंकवाला कुणीतरी खोचकपणे विचारलं, “काय शालिनी, पॉलिशवाली झालीस म्हणे?” ताई हसून म्हणाली, “हो ना! तुमचा दिवाण कधी पाठवताय?” पुढे त्या बाईंनी दिवाण पाठवला, हेही सांगायला हवं.

ताईचं हे काम चालायचं त्या मागच्या व्हरांड्यात भाऊजी मात्र फिरकत नसत. मग एक दिवस मिलमधलं सामान लिलावात निघून देवास गेटजवळच्या कबाड्याकडे आल्याचं कळलं. ताई मला घेऊन गेली. टेबलांच्या ढिगात तिनं भाऊजींचं टेबल बरोबर ओळखलं. दसऱ्याच्या पूजेला ती दरवर्षी मिलमध्ये जायची आणि त्या टेबलाच्या कडेवर उदबत्तीनं जळाल्याचा डाग होता. मी घाबरले. “ताई, भाऊजींना काय वाटेल?”

“वाटू दे की काहीतरी,” ती म्हणाली. “सध्या त्यांना काहीच वाटत नाहीये.”

ठेल्यावरून टेबल घरी आलं. भाऊजींनी ते पाहिलं, ओळखलं. “परत पाठव,” म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईनं टेबल परत पाठवलं नाही आणि त्याला हातही लावला नाही. ते तसंच धूळ खात राहिलं.

एका दुपारी शाळेतून गेले तर मागून खसखस आवाज येत होता. ताई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. भाऊजी बनियनवर, घामाघूम, टेबल घासत होते... आणि रेषेच्या बरोबर उलट! थोडा वेळ ताईनं दम धरला. मग राहवेना.

“अहो, रेषेच्या दिशेनं!”

भाऊजींनी वर पाहिलं. “मग आधी सांगायचं ना!”

ताई पदर तोंडाला लावून हसत होती आणि डोळे वाहत होते.

टेबल सुरेख झालं. ताईला ते खिडकीशी ठेवायचं होतं, पण भाऊजी म्हणाले, “नको. विकून टाक. ते माझं कधी नव्हतंच, मिलचं होतं. आता दुसऱ्या कुणीतरी त्यावर काम करू दे.” नुकतीच वकिली सुरू केलेल्या एका मुलीनं ते घेतलं. ठेला निघाला तेव्हा भाऊजी टेबलावर हात ठेवून वळणापर्यंत चालत गेले. परत आले आणि म्हणाले, “पुढचं काय आहे?” त्यानंतर कितीतरी वर्षं दोघं मिळून हेच काम करत राहिली, रंगांवरून रोज भांडत.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर भाऊजींनी मला मागे बोलावलं. व्हरांड्याची भिंत खालपासून हात पोचेल तिथवर रंगांच्या फटकाऱ्यांनी भरलेली. “ब्रश पुसायला तिला भिंतच लागायची,” ते म्हणाले आणि बोलत राहिले. हा पिस्ता डॉक्टरीणबाईंच्या झोपाळ्याचा, हा निळा शाळेच्या बाकांचा... माझी वाटभरची भीती तिथे हळूहळू ओसरत गेली. दिवाळीच्या पुताईला घरभर चुना लावताना ही भिंत सोडायची, असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलं.

कोपऱ्यात एक मातकट जांभळा डाग होता. “आणि हा?” मी विचारलं.

“हा मी निवडला होता. तिला मुळीच आवडला नव्हता.” भाऊजींनी त्यावरून अंगठा फिरवला. “तरी लावला... रंगाचे दोन्ही हात दिले तिनं.”