तांबड्याचा रस्सा

चंपीच्या पाठीवर एक पीस उरलं नव्हतं. उघड्या कातडीवर रक्त साकळलं होतं. आमच्या परसातल्या सहा कोंबड्यांत ती सगळ्यांत गरीब, आणि तिच्या मागे पाच कोंबडे. त्यांतला तांबडा तर तिला दाणासुद्धा टिपू देत नसे.

मी कोयता काढला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या रागानं कापू नये."

"रागानंच कापायचाय," मी म्हणाले.

दुपारी मी त्याचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि तंगडी दातांनी ओढून खाल्ली. आयुष्यात मला टोचणारे काय कमी भेटले? पण त्यांतला एकही असा ताटात आला नव्हता. त्या सगळ्यांच्या नावानं मी हाड चोखलं.

हात धुवायला परसात गेले. कालपर्यंत तांबड्याला घाबरून कुंपणाशी बसणारा पांढरा आता मान ताठ करून परसभर फिरत होता. माझ्यादेखत तो धावत आला आणि चंपीवर चढला.

मी त्याला हाकललं, तिला उचललं. ती माझ्या हातात थरथरत होती. राग सकाळइतकाच होता. भूक मात्र आता उरली नव्हती.