रेवतीने ठेवलेली सुपारी

हिंगोलीच्या विश्वंभर गुरुजींची रेवती पुण्यात पीएचडी करत होती, आणि प्रथिनाच्या एका इवल्याशा हातामुळे तिचा जीव मेटाकुटीला आला होता. प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी, तिला जागोजागी छोटे हात फुटलेले. प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकले, की पुढे संगणकावर धुक्यासारखा नकाशा उमटतो आणि त्या धुक्यात ती साखळी बसवायची असते. जो हात सारखा हलतो, त्याचं धुकंच उमटत नाही. असा एक हात नेमका औषध बसण्याच्या खोबणीपाशी होता. प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे रेवतीने तो अंदाजाने बसवला आणि त्याची हजेरी शून्य लिहिली. म्हणजे, हात आहे, पण आम्हाला दिसलेला नाही.

पंचाईत अशी, की पडद्यावर शून्य हजेरीचा हातही बाकीच्यांइतकाच ठसठशीत दिसतो. तिच्या मार्गदर्शक सरांनी तो पाहिला आणि हाच हात औषध धरतो, असा अख्खा पेपर लिहून टाकला. रेवतीने परोपरीने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. नोकरीसाठी तिला हाच पेपर हवा होता. म्हणून ती चरफडत गप्प बसली आणि २००३च्या श्रावणात घरी आली.

घरी सत्यनारायण होता. आई कळमनुरीला माहेरी अडकलेली, म्हणून गुरुजींनी तिच्याऐवजी कमरेला सुपारी खोचून पूजा उरकली. शेजारच्या जनकाबाई प्रसादाला आल्या.

"गुरुजी, काकू दिसून न्हाई राहिल्या?"

"कळमनुरीला हाये ती. आज सुपारीवर भागवलं."

येईल त्याला गुरुजी हेच सांगत होते. रेवतीने शिऱ्याची वाटी खाली ठेवली. तिला स्वतःचाच भयंकर राग आला. ती तशीच उठली आणि तिने एसटी स्टँडजवळच्या बूथवरून सरांना फोन लावला.

"सर, तो हात म्हणजे मी ठेवलेली सुपारी आहे. त्याने औषध धरलं, असं छापू नका."

सर वैतागले. सगळेच असं करतात, एवढं कोण बघतं, म्हणाले. नोकरीचं काय, तेही विचारलं.

"हात ठेवायचा असेल, तर माझं नाव काढा," ती म्हणाली. एवढं ऐकल्यावर तरी सर ऐकतील, असं तिला वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात पेपर छापून आला. हात जागच्या जागी होता. रेवतीचं नाव तेवढं काढलं होतं.