सही केलेले डॉलर

माझा नवरा नोटा मोजताना अंगठा जिभेला लावायचा. बँकेत कॅशियर, त्यामुळे दिवसभर हाच धंदा, आणि घरी आला की त्याच अंगठ्यानं भाकरी मोडायचा. लग्नानंतर काही दिवस मी मान फिरवायचे, मग सांगून पाहिलं, मग सांगणं सोडून दिलं. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मभर 'अहो'च म्हणत आले, तेव्हा इथं तरी मला एवढी मोकळीक पाहिजे.

माझं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. तिथं आमच्या वस्तीत पत्र्याचं छोटं विहार आहे. विहारात बुद्धाचा फोटो होता, कॅलेंडरातून कापून चौकटीत बसवलेला. शेजारच्या गावात थायलंडहून आणलेली पितळी मूर्ती बसली आणि आमच्या बायांनीही मनावर घेतलं. तेव्हापासून पौर्णिमेची वंदना झाली की पदराची गाठ सुटायची. कापूस वेचणीतले, खुरपणीतले, कोंबडी विकलेले, जे असतील ते पैसे गोळा व्हायचे. अशी कितीतरी वर्षं गेली.

पैशाचा डबा माझ्या आईजवळ असायचा. आई कधी शाळेत गेली नाही, पण पैशाच्या बाबतीत तिचा एक कडक नियम होता. कुणाही बाईला ती पैसे डब्यात टाकू द्यायची नाही, खालीही ठेवू द्यायची नाही. आधी स्वतःच्या हातात घ्यायची. तिच्या तरुणपणी गावातल्या किराणा दुकानदाराला आमच्या माणसांच्या हातून पैसा घेतलेला चालत नव्हता. नाणं ओट्यावर ठेवायचं आणि मागं सरायचं. तो तांब्यातलं पाणी शिंपडायचा, मग नाणं उचलायचा आणि गूळ वरून टाकायचा. आईनं हे कधी रडून सांगितलं नाही. "आमचा पैसा त्यानं कदी कोरडा घेतला न्हाई," एवढंच म्हणायची.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या नंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी हिंगोलीत शाळेवर होते. नांदेडहून उपासकांचा एक जथा बँकॉकला निघणार होता, त्यात आम्हा दोघांची नावं लागली. आईनं डबा रिकामा करून पैसे माझ्या हातात दिले. "बसलेला आण," म्हणाली. "डोळे मिटलेला नको बरं का. अर्धे उघडे पाह्यजेत. आमाला बघितलं पाह्यजे त्यानं."

ते पैसे माझ्या हातात हिंगोलीपर्यंतच राहिले. "नोटांतलं तुला काय कळतं?" नवरा म्हणाला. "माझ्या हाताखालून रोज लाखो जातात." नांदेडच्या एजंटाकडून त्यानं डॉलर आणले आणि दिवाणावर दोन ढीग केले. एक आमच्या खर्चाचा, एक बायांचा. मग बॉलपेन घेऊन बायांच्या ढिगातल्या एकूण एक नोटेवर स्वतःची लांब शेपटीची सही ठोकली. गड्ड्या करून स्टेपल मारलं आणि वरच्या नोटेवर आकडा लिहिला. बँकेत गड्डीच्या वरच्या नोटेवर असंच लिहायची पद्धत होती, सगळेच लिहायचे. सही मात्र ह्याची स्वतःची भर. "पब्लिकचा पैसा आहे, आपल्यात मिसळायला नको," म्हणाला. आमचा ढीग तसाच कोरा राहिला. मला तर तेव्हा कौतुकच वाटलं. म्हटलं, चला, माणूस हिशेबाला तरी सरळ आहे.

वर कार्डाचा टेंभा होताच. हिंगोलीत तेव्हा एटीएम नवंनवं आलं होतं. हा बँकेतला माणूस, पण पगार काढायला मुद्दाम मशीनकडं जायचा. कार्डावर फुंकर मारायची, पँटला पुसायचं, मग आत सरकवायचं. नांदेडला निघालो तेव्हा वारंगा फाट्यावर चहाला थांबलो, तर हॉटेलवाल्यालाही ते काढून दाखवलं. "जगात कुठंबी चालतंय," म्हणाला. त्या बिचाऱ्यानं हात पुसून कार्ड उलटंपालटं केलं, आणि चहाचे पैसे रोखच घेतले.

बँकॉकला पहिले दिवस आमच्याच डॉलरवर निघाले. मूर्ती जड, ती शेवटच्या दिवशी घ्यायची असं ठरलं होतं, म्हणून बायांच्या गड्ड्यांना कुणी हात लावला नाही. तेवढ्यात नवऱ्यानं स्वतःसाठी व्हिडिओ कॅमेरा घेतला. घेतला तर घेतला, पैसे त्याचे होते. तरी पाकिटात बरेच उरले होते.

शेवटच्या दिवशी मूर्त्यांच्या बाजारात गेलो. रस्ताभर नुसते बुद्ध, माणसापेक्षा उंच आणि मुठीत मावतील एवढेसुद्धा. एका म्हातारीच्या दुकानात मला हवी तशी मूर्ती सापडली. बसलेली, मांडीवर घेता येईल एवढी, डोळे अर्धे उघडे. मी डावीकडं सरकले, उजवीकडं सरकले, दोन्हीकडून ती माझ्याकडंच बघत होती. म्हातारीनं कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढं केला. मी थोडा कमी दाबला. ती हसली आणि मान हलवली. बायांच्या पैशात बसत होतं. म्हातारी वर्तमानपत्रात मूर्ती गुंडाळायला लागली आणि आम्ही समोरच्या खिडकीवर डॉलर बदलायला गेलो.

काचेमागच्या पोरीनं पहिल्या गड्डीची पिन काढली. वरची नोट बघितली, खालची बघितली. सहीवर बोट ठेवलं, पिनेच्या भोकावर ठेवलं, आणि सगळी गड्डी परत सरकवली. असल्या नोटा ती घेणार नव्हती. नवऱ्याचा आवाज चढला. "धिस इज गुड मनी. आय ॲम बँक कॅशियर." तिला पटावं म्हणून त्यानं अंगठा जिभेला लावला आणि तिच्यासमोर नोटा मोजायला लागला. पोरीनं त्याच्याकडं बघितलं, आणि कागदी रुमालाचा डबा काचेखालून पुढं ढकलला. एवढं होऊन ह्यानं रुमाल घेतला आणि घाम पुसला.

पुढच्या दोन खिडक्यांवरही तेच झालं. मग कार्ड निघालं. फुंकर मारली, पुसलं, आत सरकवलं. मशीननं ते बाहेर टाकलं. पुन्हा फुंकर. तिसऱ्या खेपेला मशीननं ते ठेवूनच घेतलं. ते कार्ड फक्त आपल्या देशात चालणारं होतं. बँकेत बसून ह्या माणसानं बँकेलाच विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, त्यात काय एवढं? आपले कोरे डॉलर आहेत ना, त्यातून मूर्ती घेऊ. सहीचे नांदेडला बदलून आपण ठेवून घेऊ."

"आन तिथं कमी आले तर? तूट कोणाच्या अंगावर?"

"आपल्या. सह्या कोणी केल्या?"

"ते पब्लिकचं आहे. आपलं ते आपलं. मला साहेबासाठी घड्याळ घ्यायचंय, बदलीचं चालू आहे."

तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यात, परक्या मुलखात, मी नवऱ्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. बरोबरच्या लोकांकडं उसने मागावेत तर सगळ्यांची पाकिटं शेवटच्या दिवशी रिकामी. आणि हा गेला की घड्याळ घ्यायला. बायांच्या घामाच्या पैशांवर सह्या करताना पब्लिक, आणि स्वतःचे चार पैसे सोडायची वेळ आली की तूट. मला त्याच्या अंगठ्याची शिसारी होती, त्या दिवशी अख्ख्या माणसाची आली.

म्हातारीनं मूर्तीला सुतळी बांधून ठेवली होती. मी हात जोडले आणि मान हलवली. तिला काय कळलं कोण जाणे. तिनं सुतळी सोडली, कागदाची घडी घातली आणि मूर्ती परत फळीवर ठेवली. मी बाहेर पडेपर्यंत ती माझ्याकडंच बघत होती. मूर्ती म्हणतेय मी.

नांदेडला उतरल्यावर नवरा मला सामानाजवळ बसवून गेला आणि भांड्यांच्या दुकानातून एक पितळी बुद्ध घेऊन आला. बुडाला दुकानाचं लेबल होतं. जीप हलल्यावर त्यानं अंगठा जिभेला लावला आणि ते लेबल घासून काढायला लागला. बुद्धाच्या बैठकीला थुंकी. "कोणाला काय कळतं?" म्हणाला. "पितळ ते पितळ."

"मी सांगणार आहे," मी म्हटलं.

"माझी अब्रू जाईल."

"जाऊ द्या."

त्याला वाटलं, बायको आहे, रागात बोलली असेल. विहारात बाया पांढरी लुगडी नेसून बसल्या होत्या. कॅलेंडरातला फोटो उतरवून जागा मोकळी केली होती. नवरा नवा कॅमेरा डोळ्याला लावून ऐटीत उभा होता. आई मूर्तीसमोर वाकली, तोंड जवळ नेऊन बघायला लागली. "डोळे मिटलेत की गं," म्हणाली.

"आई, ही नांदेडची आहे," मी म्हटलं. आणि झालं ते सगळं सांगितलं, सह्यांपासून लेबलापर्यंत. कॅमेरा तेवढा वेळ चालूच होता. बंद करायचंही त्याला सुचलं नाही. मग म्हणाला, "डॉलर आहेत ना माझ्याजवळ. बदलून देतो, म्हंजे झालं." आईनं फोटो पदरानं पुसला आणि परत खिळ्याला अडकवला. ती नांदेडची मूर्ती आमच्या घरी टीव्हीवर आहे. तिचा काही दोष नाही म्हणून मी रोज पुसते.

नांदेडच्या एजंटानं सहीचे डॉलर घेतले, पण भाव पाडून. तूट मी नवऱ्याकडून भरून घेतली. कशी, ते सांगत बसत नाही. पुढच्या पौर्णिमेला त्याला घेऊन मी माहेरी गेले. वंदना झाली. सगळ्या बाया बसलेल्या होत्या, डबा आईसमोर होता. नवऱ्यानं खिशातून रुपये काढले, अंगठा जिभेला लावला आणि सगळ्यांना दिसेल असे मोजले. पैसे बराबर होते. त्यानं ते आईपुढं धरले.

आईचे हात मांडीवरच राहिले. मला वाटलं, तिला दिसलं नसेल. त्यालाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं हात आणखी पुढं केला.

"खाली ठेवा, पाव्हणं," आई म्हणाली.

त्याला काही उमगलं नाही. तो दुसऱ्या गावचा, आईची दुकानदाराची गोष्ट त्यानं कधी ऐकून घेतली नव्हती. पण बायांना उमगलं. त्यानं वाकून पैसे फरशीवर ठेवले आणि उभा राहिला.

"मागं सरा."

तो मागं सरला. आईच्या बाजूला पाण्याचा तांब्या होता. तिनं तांब्याकडं हात नेला नाही. पैसे उचलले, कोरडेच डब्यात टाकले आणि झाकण लावलं. तिनं पाणी शिंपडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.