आठ फुटांचं वर्तुळ

रेडियसला डायमीटर समजून मी रेल्वेचे रूळ मागवले. चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्शनला आयुष्य घालवलेल्या माणसाने हे कुणाला सांगू नये, पण सांगतो. केसभर फरकासाठी मी लोकांनी घडवलेले जॉब परत पाठवलेत.

बायको गेल्यावर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय हलणारा असा एक पंखा तेवढा उरला होता. म्हणून ही गाडी घेतली. खेळण्यातलीच म्हणायची, पण इंजिन हातभर लांब. दोन रुळांमधलं अंतर पंचेचाळीस मिलिमीटर, त्यात काही घोळ नव्हता. घोळ वळणात. मोबाइलवर लिहिलं होतं, बाराशे मिलिमीटर. मी म्हटलं, चार फुटांचं वर्तुळ. सोफा सरकवला की हॉलमध्ये झकास बसेल. तुकडे जोडत गेलो तर रूळ वळायचं नावच घेईनात. टीव्हीखालून थेट स्वयंपाकघराकडे निघाले. बाराशे हे माप मध्यापासूनचं होतं. अख्खं वर्तुळ आठ फुटांचं. नंतर कळलं की एवढ्या लांब इंजिनाची चाकं चार फुटांच्या वळणात अडकलीच असती. म्हणजे चुकलो, पण बरोबर चुकलो.

मग गच्ची. अध्यक्षांची परवानगी काढली आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, रविवारी संध्याकाळी रेल्वे बघायला या. अंगठ्यांची रांग लागली. कोणता प्लॅटफॉर्म, असंही एकाने विचारलं. मी घरातल्या सगळ्या खुर्च्या लिफ्टने वर नेल्या, रूळ पुसले, गाडी सोडली. पावसाच्या पाण्यासाठी दिलेल्या उतारावर ती सुसाट जायची, चढाला कण्हायची. कंट्रोलर हातात धरून मी मधोमध उभा. लिफ्टचा आवाज आला की शिट्टी वाजवायचो. लिफ्ट खालच्याच कुठल्या तरी मजल्यावर थांबायची.

शेवटी तळमजल्यावरच्या मावशी आल्या, वाळत घातलेल्या कुरडया न्यायला. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे. मी खुर्ची पुसून दिली. बसल्या. मग काय, मी सुटलोच: रेडियस, डायमीटर, लांब इंजिनाला मोठं वळण का लागतं, सगळं. गाडी फिरत राहिली. मला वाटलं, आता छान म्हणतील.

त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि कुरडयांची पाटी कडेवर घेतली.

“एवढं मोठं रिंगण कशापायी मांडलं, भाऊ? मधी तर तुमी एकलेच.”