आईच्या बोलीवरचा हशा

“वहिनी, तेवढं वाक्य परत म्हणा ना.”

आईने परत म्हटलं, “म्या न्हाय चोरलं, बाईसाब.” दिवाणखान्यातली सगळी माणसं पोट धरून हसली. आईही हसली. काय करणार बिचारी? मानाने बोलावून सोफ्यावर बसवलं होतं, आणि आता तिच्याच बोलण्याची गंमत चालली होती.

दुबईजवळच्या रास अल खैमात मराठी मंडळाचं नाटक बसत होतं. मला मोलकरणीचं काम. पंधरा वर्षांची होते. घरी आई तिच्या बोलीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. तो हेल माझ्या जिभेवर बसेना, म्हणून दिग्दर्शिका काकूंनी आईलाच त्यांच्या घरी तालमीला बोलावलं. “हिची कॉपी कर. एकदम ओरिजिनल आहे!” मला म्हणाल्या. आईसमोर.

काकूंचे यजमान सिमेंट कारखान्यात मॅनेजर, माझे पप्पा तिथेच फोरमन. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, व्हिसा कंपनीच्या मर्जीवर. घरी येऊन मी म्हटलं, “आय वोन्ट डू इट.”

“कर गं बाय. पप्पांची नोकरी हाय तितं.”

आमच्या दोन खोल्यांत जीव कोंडायचा. पण जाणार कुठे?

केलं मी. आईचा हेल, आईचं पदर खोचणं, सगळं उचललं. टाळ्या, शिट्ट्या. आयुष्यातली पहिली दाद. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. मग तिसऱ्या रांगेत आई दिसली. ती हसत नव्हती. मला माझीच शिसारी आली.

दुसरा प्रयोग दुबईत. ते वाक्य आलं. चोरीचा आळ आलेली बाई जशी बोलेल तशी मी बोलले. बोली आईचीच, फक्त थट्टा काढून टाकली. एकही माणूस हसला नाही. विंगेतून काकू खेकसल्या, “अगं, कॉमेडी आहे ही!” मी पुढचं वाक्यही तसंच म्हटलं. शेवटपर्यंत तसंच.

पप्पांचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं नाही. त्या नाटकामुळे का, ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची टाप नव्हती. आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

पुढे मी कॅनडात शिकले, तिथलीच नागरिक झाले. रंगभूमीवर, पडद्यावर कामं केली. तिथेही मोलकरणीच वाट्याला आल्या. “जरा गमतीदार बोला,” म्हणणारे तिथेही भेटले. त्यांना नाही म्हणायला मला वेळ लागला नाही.

परवा काकूंचा फोन. मंडळाला ‘आपल्या कॅनडाच्या अभिनेत्री’चा सत्कार करायचा आहे. “आमच्याच स्टेजवर घडलीस गं तू! स्मरणिकेसाठी चार ओळी पाठव. यल्ला, लवकर!”

पाठवल्या. “पहिली भूमिका मोलकरणीची. त्या भूमिकेत तुम्ही माझ्याकडून माझ्या आईची थट्टा करवून घेतलीत. आणि मी ती केली.” खाली लिहिलं, जसंच्या तसं छापा, तरच येईन.

“एवढं जुनं कशाला उकरतेस? काहीतरी छान लिही ना,” काकूंचं उत्तर आलं.

त्यांनी छापलं नाही. मी गेले नाही. आता जिथे कुणी माझी ओळख मागेल, तिथे ह्याच ओळी देणार आहे.